बांगड्याचा पावसाळा

आमच्या बांगड्याला पाऊस सोसत नाही. फोंड्यात जन्मलेल्या कुत्र्याने असले नखरे करावेत, हे जरा जास्तच झालं. मे महिन्यापर्यंत हा पठ्ठ्या माडाच्या बुंध्याशी जाऊन सगळं उरकून यायचा. ‘शिकला हो!’ असं घरात जाहीरही झालं होतं. मग पाऊस लागला आणि शिक्षण वाहून गेलं.

आता तो पायरीपर्यंत येतो. पुढचा एक पाय खाली टेकवतो, ओला चिरा लागताच झटकतो, पागोळ्यांकडे बघतो आणि मागे फिरतो. थोड्याच वेळात कोठीतल्या उकड्या तांदळाच्या पोत्याशी पाय वर!

“मुद्दाम करता तो!” सासूबाईंचा निकाल. पुरावा काय, तर रागावलं की कान पाडून कोपऱ्यात बसतो. म्हणजे त्याला सगळं कळतं. शेजारच्या काकांनी तर त्याचं नाक त्यातच घासायला सांगितलं. आपल्याकडे हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि तो शुद्ध अडाणीपणा आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेचा २००९चा एक प्रयोग आहे. ‘खाऊ नकोस’ असं बजावून मालक खोलीबाहेर गेले. परतल्यावर काहींना ‘खाल्लं’ असं खोटंच सांगितलं. कुत्र्यांचा तो अपराधी चेहरा गुन्ह्यावर नव्हे, मालकाच्या रागावण्यावर ठरत होता. काहीच न केलेली कुत्री तर बोलणी खाऊन जास्तच ओशाळली! बांगडा कोपऱ्यात बसतो तो आमच्या आवाजाला भिऊन. पोत्याशी त्याचा संबंध त्याला लागत नाही.

बरं, वय सात-आठ महिन्यांचं. या वयात नर पाय वर करून खुणा करायला लागतात. गावातली भटकी मंडळी रात्री फाटकावर सही करून जातात. मग हाही घरात हजेरी मांडतो. तरी आधी डॉक्टरांना दाखवलं, कारण शिकलेलं पिल्लू अचानक थोडं थोडं, वारंवार करू लागलं तर मूत्रमार्गाचा संसर्गही असू शकतो. नमुना घ्यायला यजमान जुना डाव घेऊन पावसात त्याच्या मागे फिरले. ते दृश्य वर्णन करण्यापलीकडचं. रिपोर्ट स्वच्छ आला. डाव फेकला.

खरी लढाई वासाची. आपल्याला फिनेलचा वास आला की जमीन स्वच्छ. त्याच्या नाकाला खालचा जुना पत्ता सापडतोच. अमोनियावाली औषधं तर उलटीच, तो वास लघवीच्याच जातीचा. एन्झाइमवालं क्लीनर उत्तम, नाहीतर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर. घरात माडाच्या सुरेचं होतं, पण ते जमिनीवर ओतायला सासूबाई तयार नाहीत.

बाकी सगळं पुन्हा पहिलीपासून: झोपून उठला की बाहेर, खाल्लं की बाहेर, आणि काम झाल्याझाल्या तिथेच खाऊ. सकाळची पाळी सासूबाईंची. छत्री त्याच्यावर, स्वतः निम्म्या भिजलेल्या, आणि गल्लीभर ऐकू जाईल असं “शाबास रे पुता!” यजमान म्हणतात, बारावीच्या निकालालाही आपल्याला एवढं मिळालं नव्हतं.