हिमालयन ४११ : मागचा शॉकअप बदलला, पण आधी लिंकेज उघडलं

मागच्या नोंदीत माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयन मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कचं तेल आणि सील बदलून झाले होते. पुढचं चाक ताळ्यावर आल्यावर मागचं किती बिघडलंय ते लगेच जाणवायला लागलं. ताम्हिणी उतरताना डांबराला लागोपाठ लाटा आल्या की मागचं चाक पहिली लाट नीट घ्यायचं, दुसरीला उशीर करायचं आणि तिसरीला सीट खालून ढकलायची. सकाळी पौडपर्यंत गाडी ठीक असायची. खराब रस्त्यावर तासभर दणके खाऊन शॉकअप तापला की मग डुलणं सुरू.

हे 'तापल्यावर' महत्त्वाचं. दणका स्प्रिंग घेते, पण ती तो तसाच परत फेकते. ती फेक आवरायचं काम तेलाचं. शॉकअपच्या दांड्याच्या टोकाला पिस्टन असतो, त्याच्या भोकांवर पातळ पोलादी चकत्या असतात आणि तेल त्या वाकवून पलीकडे जातं. त्या रेटारेटीत दणक्याची ताकद उष्णतेत जिरते. तापलेलं तेल पातळ होतं आणि त्यात वायू मिसळला की फेस होतो. फेस भोकांतून विनासायास निघून जातो, मग अडवायला काही उरत नाही. हे होऊ नये म्हणून शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरतात. सील झिजलं की तेलही जातं आणि दाबही.

गाडी २०१८ची, साठ हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली, आणि बहुतेक पावसाळे कोकणात काढलेले. म्हणजे शॉकअपने आपलं आयुष्य पुरं केलं होतं, कुणाला दोष द्यायचं कारण नाही. टॉर्च मारून पाहिलं तर दांड्यावर तेलाचा ओशट थर, त्यावर धूळ बसून काळपट लेप झालेला. तो पुसून नख फिरवलं तर क्रोमवर बारीक खड्डे लागले. असा दांडा असेल तर नुसतं सील बदलून भागत नाही, तेच खड्डे नवं सीलही कापतात. शेवटच्या धक्क्याला असतो तो बंप रबर हाताने चुरडला गेला.

दुरुस्तीचाही विचार केला होता. काही वर्कशॉपवाले शॉकअपला व्हॉल्व्ह बसवून तेल आणि गॅस नव्याने भरून देतात आणि दांडा चांगला असेल तर ते काम परवडतं. माझा दांडाच गेला होता. एक मात्र कळकळीने सांगतो : गॅसचा शॉकअप घरी खोलू नका. अशा शॉकअपमध्ये दाब साधारण १० ते २० बारच्या घरात असू शकतो आणि नीट न सोडता झाकण काढलं तर ते गोळीसारखं सुटतं.

नवा शॉकअप मागवायच्या आधी टेप घेऊन बसलो. हा भाग बरेच जण सोडून देतात आणि मग महागडी वस्तू लावूनही समाधान होत नाही. मागच्या ॲक्सलपासून सरळ वर कॅरिअरवर चिकटपट्टीची खूण केली. मेन स्टँडवर, चाक अधांतरी असताना अंतर ६१८ मिमी. गाडी जमिनीवर, नुसत्या स्वतःच्या वजनावर ५९४. मी जॅकेट-हेल्मेटसह आणि नेहमीच्या सामानासह बसल्यावर ५४६. दर वेळी गाडी एकदा दाबून सोडायची, एकदा उचलून सोडायची आणि दोन्हींची सरासरी घ्यायची, कारण सील आणि बुशच्या घर्षणाने आकडा इकडेतिकडे होतो.

म्हणजे गाडी एकटी २४ मिमी बसते आणि माझ्यासकट ७२. मागच्या चाकाची चाल, म्हणजे ते एकूण जितकं वर-खाली हलू शकतं ते अंतर, १८० मिमी, तेव्हा ४० टक्के चाल मी नुसता बसूनच खाऊन टाकत होतो. हे प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवायची सोय) शेवटच्या खाचेत असताना. अशा गाडीला ३० ते ३५ टक्के बरे.

प्रीलोड वाढवला की शॉकअप कडक होतो असं गॅरेजमध्ये सर्रास सांगतात. साध्या स्प्रिंगचा कडकपणा प्रीलोडने बदलत नाही, एक मिलिमीटर दाबायला लागणारं वजन तेवढंच राहतं. फक्त गाडी वर उचलली जाते. स्वार बसल्यावरचा आकडा बरोबर जुळवला आणि तरी गाडी एकटी जेमतेमच बसत असेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि प्रीलोडने ओढूनताणून उभी केली आहे. उलट ती एकटीच खूप बसत असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा ताठ. माझ्याकडे तर सगळा प्रीलोड संपवूनही आकडा जुळत नव्हता. म्हणून एक पायरी ताठ स्प्रिंग, रिबाउंडचा (स्प्रिंगची परत फेक आवरायचा) ॲडजस्टर आणि प्रीलोडसाठी आट्यांची कॉलर असलेला शॉकअप घेतला. शॉकअपच्या दोन्ही डोळ्यांमधली (टोकांच्या बोल्टच्या भोकांमधली) लांबी मुद्दाम मूळचीच ठेवली. लांब शॉकअपने गाडी उंच होते खरी, पण हँडल चुळबुळं होतं आणि साईड स्टँडवर गाडी जास्त कलते.

आता लिंकेज, म्हणजे मागचं चाक धरणारा चिमटा आणि शॉकअप यांना जोडणाऱ्या तरफा. मोनोशॉकची, म्हणजे मागे एकच शॉकअप लावायची कल्पना बेल्जियमचे अभियंते लुसिएन टिल्केन्स यांची. यामाहाने ती उचलली आणि १९७३ साली हाकान अँडरसन त्या गाडीवर २५० सीसी मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला. त्या गाडीत लिंकेज नव्हतं, ते पुढच्या काळात आलं. त्याने एक मोठं काम साधलं : चाक जितकं वर जाईल तितका विरोध वाढत जातो. पण त्याबरोबर आल्या सुयांच्या बेअरिंगा, आणि त्या नेमक्या मागच्या चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात.

मेन स्टँड लावला, मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला (बोल्ट काढताच चिमटा चाकासकट खाली येतो) आणि लिंकेज सोडवलं. बुश बाहेर काढली तर ग्रीसऐवजी विटकरी भुकटी. बुशवर सुयांचे ठसे उमटले होते, बारीक समांतर रेघा, नखाला एकेक मोजता येईल अशा. लिंक हाताने हलवली तर मध्येच अडकायची. म्हणजे लहान खाचखळग्यांवर चाक हलतच नव्हतं, ते दणके थेट फ्रेमला जात होते. यावर नवा शॉकअप चढवला असता तर निम्मा फायदा तिथेच अडकला असता.

रॉकेलने धुतलं, बेअरिंग, बुश आणि सील नवे आणले आणि भोसरीतल्या लेथवाल्या काकांकडे गेलो. काका म्हणाले, "हातोडी पिशवीतच ठेव. तिरकं गेलं की सुया मेल्याच." प्रेसवर, पायरीच्या मँड्रेलने (बेअरिंग सरळ दाबायच्या दांड्याने), एकेक बेअरिंग त्यांनी सरळ बसवून दिलं. पाण्याने न धुतलं जाणारं मरीन ग्रीस बोटाने सुयांमध्ये भरलं, पुरेसं, हात आखडता न घेता. आता लिंक बोटाच्या धक्क्याने फिरते. इथून पुढे दर पावसाळ्यानंतर हे उघडायचं, आणि वॉशिंगवाल्याला प्रेशरचा फवारा तिथे मारू द्यायचा नाही.

शॉकअप बसवणं त्यामानाने सोपं. सगळे बोल्ट आधी हाताने लावून घेतले, मग टॉर्क रेंच. प्रीलोड फिरवताना एक लक्षात ठेवा : लिंकेजवाल्या गाडीत शॉकअपचा दांडा चाकाच्या निम्म्याहूनही कमी हलतो, त्यामुळे कॉलर एक मिलिमीटर फिरवली की मागची बाजू दोन मिलिमीटरहून जास्त उचलली जाते. अर्धा-अर्धा फेरा फिरवत, पुन्हा पुन्हा मोजत ५९९ आणि ५६१वर आलो. म्हणजे गाडी एकटी १९ मिमी आणि माझ्यासकट ५७, साधारण ३२ टक्के. दोन्ही आकडे जुळले म्हणजे स्प्रिंगची निवड बरोबर ठरली, आणि याचा मला फार आनंद आहे. मागची बाजू वर आल्याने चेनचा ढिलेपणा पुन्हा पाहिला आणि हेडलाईट थोडा वर केला.

रिबाउंड सध्या पूर्ण बंद टोकापासून १४ क्लिक उघडा आहे. त्याहून बंद केला तर खडबडीत रस्त्यावर चाकाला परत खाली यायला वेळ मिळत नाही, प्रत्येक दणक्याला गाडी आणखी बसत जाते आणि शेवटी दगडासारखी लागते. ही लक्षणं कडक स्प्रिंगची वाटतात म्हणून लोक प्रीलोड कमी करतात आणि आणखी गोंधळतात. जास्त उघडला की सीट ढकलणं परत. मी ठरलेल्या एकाच तुकड्यावर, एका वेळी एकच बदल करून, वहीत लिहीत गेलो.

घाटातल्या त्याच लाटांवर आता गाडी तिन्ही लाटा सारख्याच घेते, आणि मुख्य म्हणजे तासाभराने, शॉकअप हाताला गरम लागत असतानाही तशीच घेते. ब्रेक मारत वळणात शिरताना मात्र पुढची बाजू पटकन बुडते. मागचं ताठ झाल्यावर ते उघडं पडलं. पुढच्या चाकाची चाल २०० मिमी, तिथला सॅग (वजनाने गाडी किती बसते तो आकडा) अजून मोजलेला नाही. पुढची नोंद त्याचीच. मागे कुणी बसल्यावरचं प्रीलोडही ठरवायचंय, कॉलरवर त्याची वेगळी खूण करून ठेवेन.