अर्ध्या तासाचा नियम

ऐरोलीतल्या आमच्या शाळेत मुलांचे लॅपटॉप चारशेच्या वर आणि ते बघणारा मी एकटा. त्यामुळे नियम मीच लिहिला होता: सॉफ्टवेअरची तक्रार आली की अर्धा तास खटपट करायची, नाही सुटली तर सरळ फॉरमॅट मारून शाळेची इमेज, म्हणजे विंडोज आणि लागणाऱ्या सॉफ्टवेअरची तयार प्रत, टाकायची. एकाच लॅपटॉपमागे दोन दिवस घालवले तर रांग पार जिन्यापर्यंत जाते. नियम चांगला होता, आजही तोच आहे. फक्त त्याखाली 'डेटाची जबाबदारी विद्यार्थ्याची' अशी एक ओळ होती. ती सुचली तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो होतो.

जानेवारीत बारावीची एक मुलगी आली. अपडेट मध्येच अडकलेलं, चालू केलं की नुसतं गोल गोल फिरत बसायचं. स्टार्टअप रिपेअर झालं, सेफ मोड झाला, पस्तीस मिनिटं गेली. पेनड्राइव्हवरून बूट करून तिचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स उतरवून घेतले (नियमात एवढंही नव्हतं, हा माझा चांगुलपणा) आणि फॉरमॅट मारला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती दारात. "सर, १०४९ एरर येतोय."

म्हणजे डेटाबेसच सापडत नाही. तिच्या प्रोजेक्टचा पायथनचा प्रोग्राम जागेवर होता, नोंदींची टेबलं गायब. मायएसक्यूएल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर आपली टेबलं डॉक्युमेंट्समध्ये ठेवतच नाही. विंडोजवर ती सी ड्राइव्हच्या प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये जातात, आणि ते फोल्डर लपवलेलं असतं. मला हे माहीत होतं. घाईत आठवलं नाही. रिकव्हरी लावून पाहिली, पण एसएसडीवर ट्रिम होऊन गेलं, म्हणजे पुसलेली जागा डिस्कने खरोखर रिकामी केली, की हाती काही लागत नाही.

सीबीएसई बारावीच्या कम्प्युटर सायन्सच्या प्रॅक्टिकलला ३० गुण, त्यातले ८ प्रोजेक्टचे. "डमी नोंदी टाकू या, पन्नास पुरतील," मी म्हटलं. ती गप्प. तिच्या नोंदी डमी नव्हत्याच. ठाण्याला जांभळी नाक्यावर आजोबांचं भांड्यांचं दुकान. त्यांच्या रोजमेळातून दिवाळीच्या महिन्याची विक्री तिने ओळीओळीने चढवली होती.

त्याच दिवशी मुख्याध्यापिकांकडे जाऊन नियमातली ती जबाबदारीची ओळ खोडली. आता फॉरमॅटआधी मूल समोर बसतं, काय कुठे ठेवलंय ते दाखवतं, बारावीचं असेल तर डेटाबेस आधी उतरवून घेतो, आणि मगच पुढचं. "वेळ वाढेल की हो," मॅडम म्हणाल्या. वाढलाच, वीस-पंचवीस मिनिटांनी.

शनिवारी आजोबा स्वतः आले, पिशवीत रोजमेळ. मी माफी मागायला उभा राहिलो.

"मास्तर, आधी पंखा लावा."

मग चष्मा पुसून वाचायला बसले. "कुकर पाच लिटर, एक. परात, दोन. ही उधारी, कंसात लिही."

"आजोबा, कंस नाही चालत. उधारीला वेगळा कॉलम आहे."

"बरं, तिथे लिही."

दीडच्या सुमाराला तिची बोटं दुखायला लागली, मग कीबोर्डवर मी बसलो. माझा वेग बघून आजोबा आपणहून हळू वाचू लागले. दोनशेच्या पुढे गेल्यावर मी म्हटलं, परीक्षकांना दाखवायला एवढं बास झालं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मास्तर, अजून धनत्रयोदशी यायचीय."