वॉट वाढवू नका, बीकन कमी करा

संध्याकाळी पॅकेटवर (हॅम, म्हणजे हौशी रेडिओवरून छोट्या डिजिटल तुकड्यांत मेसेज पाठवायची पद्धत) मेसेज जात नाही, ही तक्रार आता आमच्या प्रत्येक नेटवर, म्हणजे हवेवरच्या ठरलेल्या बैठकीत, ऐकू येते. उपायही ठरलेला: पॉवर वाढवा, ॲन्टेना अजून वर चढवा. मला हे अजिबात पटत नाही.

आपली फ्रिक्वेन्सी एकच, वेग १२०० बॉड. म्हणजे सेकंदाला जेमतेम १५० बाइट, आणि तेही जळगाव-धुळ्याच्या सगळ्या हॅम मंडळींत मिळून. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन ॲब्रॅमसन यांचं अलोहानेट सुरू झालं, तेव्हापासूनचं गणित आहे हे: कुणाचं न ऐकता जो तो बोलू लागला, तर चॅनलचा फार तर १८.४ टक्के वेळ कामी येतो. म्हणून आपले टीएनसी, म्हणजे रेडिओ आणि कॉम्प्युटर जोडणारे मोडेम, आधी ऐकतात, मग बोलतात.

पण ऐकू आलं तर ना! मी भुसावळला, आमचे एक काका चाळीसगावला. त्यांचा सिग्नल मला थेट मिळत नाही, माझा त्यांना मिळत नाही. एरंडोलकडच्या उंचावरचा डिजी, म्हणजे ऐकलेलं पॅकेट पुन्हा हवेवर सोडणारं स्टेशन, मात्र दोघांनाही ऐकतो. मला चॅनल मोकळा वाटतो, त्यांनाही वाटतो, आणि दोघांची पॅकेटं डिजीपाशी एकमेकांवर आदळतात. आता मी ५० वॉट सोडले तर? एफएममध्ये जोरकस सिग्नल दुबळ्याला दाबून टाकतो. माझं पॅकेट जाईलही, पण चोपड्याहून ५ वॉटच्या हॅन्डसेटवर येणारं कॉलेजचं पोरगं कुणालाच ऐकू येणार नाही. अभ्यास करून, परीक्षा देऊन, परवान्याची वाट बघून ते हवेवर आलंय. त्याला आपणच गप्प करायचं?

परवा डायरवुल्फ (कॉम्प्युटरवर पॅकेट उलगडणारं सॉफ्टवेअर) लावून लॉग बघत बसलो. यावलकडचं एक हवामान स्टेशन दर मिनिटाला बीकन, म्हणजे आपोआप जाणारं माहितीचं पॅकेट, टाकतंय. पाथ वाइड२-२, म्हणजे डिजींवरून दोन उड्या. आधी मूळ पॅकेट, मग एरंडोलच्या डिजीची नक्कल, मग धुळ्याकडच्या डिजीची नक्कल. एका तापमानासाठी चॅनल तीनदा अडला. केळीला उन्हाचा तडाखा कधी बसतोय हे कळायलाच हवं, पण मे महिन्यातही पारा मिनिटामिनिटाला बदलत नाही. धुळ्याचे आप्पा नेटवर म्हणाले तेच खरं, "इतली घाई कसाले, भाऊ?" हवामानाला दहा मिनिटं पुरेत. घरचं स्टेशन जागचं हलत नाही, त्याला अर्धा तास. आणि एकच डिजी पुरत असेल तर वाइड२-१ ठेवा, दुसरी उडी मागूच नका. गाडीतल्या ट्रॅकरला स्मार्टबीकनिंग चालू करा. वळणावर बीकन जातो, रस्त्यावरच्या लाल सिग्नलला उभं असताना उगाच जात नाही.

आणखी एक जागा आहे, तिकडे कुणाचं लक्षच नसतं: टीएक्सडिले, म्हणजे रेडिओ चालू झाल्यापासून डेटा सुटेपर्यंतची वाट. बहुतेकांकडे तो ५० वर आहे, म्हणजे अर्धा सेकंद. ८० बाइटचं पॅकेट जायलाही साधारण अर्धाच सेकंद लागतो. म्हणजे निम्मा वेळ रेडिओ नुसता दाबून धरलेला! पाच-पाचने खाली आणत जा. पलीकडे पॅकेट फुटायला लागलं की एक पायरी वर या. माझा रेडिओ २५ वर बिनतक्रार चालतो. हॅन्डसेटवाल्यांनी बॅटरी सेव्ह मात्र बंद करा. नाहीतर रिसीव्हर झोपेतून उठेपर्यंत पॅकेटची सुरुवात निसटते आणि तुमच्यापायी समोरच्याला टीएक्सडिले वाढवावा लागतो.

टीएनसीची पर्सिस्ट ही सेटिंग ६३ असेल तर चॅनल मोकळा झाल्यावर प्रत्येक स्लॉटला, म्हणजे वेळेच्या ठरलेल्या छोट्या तुकड्याला, बोलायची शक्यता पाव असते. संध्याकाळच्या गर्दीत मी तो ३१ करतो, म्हणजे एक अष्टमांश. माझा मेसेज क्षणभर उशिरा जातो, पण रीट्राय कमी होतात. पुढच्या नेटच्या आधी सगळ्यांनी आपापल्या सेटिंग बघून ठेवा. यावलच्या स्टेशनवाल्यांशी मी स्वतः बोलतो.