चार्लीच्या जागी

ड्रमर चार्ली वॉट्स वारला तेव्हाच रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडने गाशा गुंडाळायला हवा होता, असं म्हणणारे मला अजूनही भेटतात. त्यातले बरेचजण स्टोन्सवर जीव टाकणारे आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. पण मला ते पटत नाही. मी स्वतः ड्रम्स वाजवतो, आणि हा प्रश्न मी कायम ड्रमसेटच्या मागे बसलेल्या माणसाच्या बाजूने बघत आलो आहे.

आधी घडलं काय ते सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. कोविडमुळे अडकलेला 'नो फिल्टर' दौरा 2021 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पुन्हा सुरू व्हायचा होता. ऑगस्टच्या सुरुवातीला चार्लीने जाहीर केलं की आपल्याला या वेळी जमणार नाही, तब्येत पूर्ण सुधारायला वेळ लागेल. आयुष्यभर ठेका सांभाळलेला हा माणूस म्हणाला, या एका वेळी माझं टायमिंग जरा चुकलं. आणि त्याच निवेदनात त्याने सांगितलं की माझ्या जागी माझा मित्र स्टीव्ह जॉर्डन वाजवेल, मीच त्याला विचारलं आहे. 24 ऑगस्टला लंडनमध्ये चार्ली गेला. वय 80. 26 सप्टेंबरला सेंट लुइसमध्ये दौरा सुरू झाला. रिकामं स्टेज, नुसता ड्रम्सचा आवाज आणि पडद्यांवर चार्लीचे फोटो, आणि मग बँड.

म्हणजे जागा रिकामी झाल्यावर इतरांनी कुणाला तरी आणून बसवलं, असं झालंच नाही. ज्याची जागा होती त्यानेच ती सोपवली होती. तब्येत बरी होईपर्यंतच्या भरवशावर सोपवली होती, हे खरं. तरीही, मला वाटतं, ड्रमरने ड्रमरला यापेक्षा मोठा मान देता येत नाही.

आता चार्ली नेमकं काय वाजवायचा, त्याबद्दल. रॉकमध्ये सहसा उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, न थांबता चालू असतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमवर, पडतो. दोन्ही आवाज एकत्र येतात. चार्ली त्या मात्रेला उजवा हात हाय-हॅटवरून उचलून घ्यायचा. स्नेअर एकटा पडायचा, आजूबाजूला मोकळी हवा ठेवून. जुने व्हिडिओ बघा, हात वर जाताना स्पष्ट दिसतो. डाव्या हातातली काठी जाझवाल्यांसारखी, तळहात वर करून धरलेली. समोर 1957 सालचा ग्रेच कंपनीचा छोटा सेट. स्टेडियममध्ये लाखभर लोक असोत, सेट तेवढाच. मुळात तो जाझचाच माणूस, सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करचा भक्त, 1963 च्या जानेवारीत या ब्लूजवेड्या पोरांमध्ये आला आणि शेवटपर्यंत राहिला.

दुसरी गोष्ट याहून मोठी. बहुतेक बँड ड्रमरच्या मागे चालतात. स्टोन्समध्ये कीथ रिचर्ड्सची गिटार पुढे आणि चार्ली तिच्या मागे. त्यामुळे सगळं किंचित डगमगतं आणि पडत मात्र नाही. 'हाँकी टाँक विमेन' सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐका. शेवटी लय सुरुवातीपेक्षा चांगलीच चढलेली असते. आज कुणी ते रेकॉर्ड केलं असतं तर क्लिकला, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीला, बांधून सरळ केलं असतं, आणि गाण्याचा जीव गेला असता.

जॉर्डन चार्लीसारखं वाजवत नाही. माझ्या कानाला त्याचा ठेका जड लागतो, जास्त बसका, जास्त ठाम. कीथबरोबर त्याचं जुनं नातं आहे. कीथचा 1988 चा पहिला सोलो अल्बम दोघांनी मिळून लिहिला आणि प्रोड्यूस केला. तेव्हा कीथच्या मागे कसं चालायचं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण चालतो तो स्वतःच्या पायांनी. काही गाणी त्यामुळे घट्ट झाली आहेत. काहींमधला झोका गेला आहे, आणि तो गेला याचं मला दुःख आहे. ते लपवून 'सगळं पूर्वीसारखंच आहे' म्हणणं हा चार्लीवरच अन्याय होईल.

तरी मी जॉर्डनच्या बाजूने का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या बँडचा ड्रमर अचानक गेला आणि त्यांनी मला बोलावलं. सगळे माझ्यापेक्षा बरेच मोठे, तरुणपणापासून एकत्र वाजवणारे. पहिल्या सरावाला गेलो तर गालिच्यावर त्याच्या स्टँडच्या पायांच्या जागी चिकटपट्टीच्या खुणा होत्या. मी माझे स्टँड त्याच खुणांवर ठेवले. पण त्याचे हात लांब असणार, मला उजवीकडची क्रॅश, म्हणजे मोठी झांज, पोचेना. शेवटी स्टँड आत ओढला आणि ती पट्टी उघडी पडली. बेस वाजवणाऱ्याचं लक्ष गेलं. तो काही बोलला नाही, केबल गुंडाळत राहिला.

त्यांच्या रेकॉर्डिंगवरून मी त्याचे सगळे रोल पाठ केले होते. एका गाण्यात कडव्याआधी त्याचा एक खास रोल होता, लोक वाट बघायचे असा. मी तो जसाच्या तसा वाजवला. सराव संपल्यावर बेसवाला बाजूला घेऊन म्हणाला, "तू तुझं वाजव. त्याचं वाजवलंस की मी त्याला शोधायला लागतो, आणि माझा ठेका सुटतो."

तेव्हापासून मी तिथे माझं वाजवलं. फक्त शेवटच्या गाण्याचा थांबा त्याचाच ठेवला, कारण सगळे त्या थांब्यावर एकत्र उतरायचे. तो बदलला असता तर चौघेही कोसळले असते. काय गाण्याचं आहे आणि काय त्या माणसाचं आहे, हे वेगळं करणं हेच जागेवर येणाऱ्याचं खरं काम. जॉर्डनला ऐकताना मला ते काम सतत दिसतं. थांबे आणि सुरुवाती जिथल्या तिथे, मधली वाट त्याची स्वतःची.

आणि चार्लीनेही हेच केलं होतं. 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वाँट'च्या रेकॉर्डवर ड्रम्स वाजवले आहेत ते निर्माता जिमी मिलरने. चार्लीला तो ठेका तेव्हा जमेना, म्हणून मिलर बसला. नंतर कित्येक वर्षं ते गाणं स्टेजवर चार्ली वाजवत होता. दुसऱ्याच्या हातचं घेऊन आपल्या हातचं करायचं, हे त्याला ठाऊक होतं.

प्रत्येक बँडने असंच करावं असं मी म्हणत नाही. 1980 च्या सप्टेंबरमध्ये ड्रमर जॉन बॉनम गेला आणि डिसेंबरमध्ये लेड झेपेलिनने थांबत असल्याचं जाहीर केलं. तेही योग्यच, त्या बँडमध्ये ड्रम्स हा अर्धा आवाज होता. द हू या बँडचं मात्र मला अजून जड जातं. 2002 मध्ये दौऱ्याच्या आदल्या दिवशी, 27 जूनला त्यांचा बेसवादक जॉन एंटविसल गेला, आणि 1 जुलैला बँड हॉलिवूड बोलमध्ये स्टेजवर होता, बेसवर पिनो पॅलाडिनो. पॅलाडिनो अप्रतिम वाजवतो, त्यात वाद नाही. पण चार दिवसांत कुणाच्या बोटांना एंटविसलचे ते भरगच्च स्वर विसरता येतील? शोकालाही सरावासारखा वेळ लागतो.

2023 मध्ये आलेल्या स्टोन्सच्या 'हॅकनी डायमंड्स' अल्बममध्ये दोन गाण्यांवर चार्ली आहे, बाकीच्या बहुतेक गाण्यांवर जॉर्डन. त्यातल्या 'लिव्ह बाय द सोर्ड'वर बेसला स्टोन्सचा जुना बेसवादक बिल वायमन आहे, 1993 मध्ये बँड सोडलेला. ही जोडी इतक्या वर्षांनी एकत्र ऐकताना मला रडू आलं. त्यानंतर लगेच जॉर्डनचं एखादं गाणं लावा आणि फरक ऐका. दोन्ही मला हवे आहेत.

माझी रेघ कुठे आहे, तेही सांगून टाकतो. ड्रमर कीथच्या मागे चालणारा असेल, आणि पुढे कीथ असेल, तोवर हा बँड स्टोन्स आहे. गायक मिक जॅगर किंवा कीथ नसताना त्या नावाने तिकिटं विकली गेली, तर मी जाणार नाही, स्टुलावर जॉर्डन असला तरीही.