पहाटेचा हट्ट सोडला तेव्हा

मासेमारी म्हणजे पहाटेची, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की थंडी पडली तरी मी अंधारातच रॉड घेऊन खाडीच्या उथळ भागात उतरायचो. सलग तीन खेपा हात हलवत परत आलो. चौथ्या खेपेला थर्मामीटर खिशात टाकला.

सकाळी सातला गुडघाभर पाण्यात १३ अंश. शेजारच्या खोल चॅनेलमध्ये दोरीला बांधून सोडला, तर १५. रात्रीच्या गारठ्यात उथळ पाणी लवकर निवतं, खोल पाणी ऊब धरून राहतं. माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसतेच, तो कशाला वर येईल? तीन आठवडे मी रिकाम्या घराची कडी वाजवत होतो!

मग बसलो दुपारची वाट बघत. ओहोटीने उघडा पडलेला काळा चिखल चार तास उन्हात तापला. फिकट वाळू तेवढी तापत नाही, म्हणून चिखलच धरायचा. अडीचला त्यावर भरतीचं पाणी चढायला लागलं आणि सकाळच्याच जागी १७ अंश भरले. थोड्या वेळात बोयी (खाडीतले मासे) उड्या मारू लागल्या. असा योग रोज येत नाही. भरतीची वेळ दर दिवशी साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे आता मी आधी कोष्टक बघतो, मग सुट्टी टाकतो.

तरी पहिला तास कोरडाच गेला, कारण हात उन्हाळ्याच्या सवयीने रील गरागरा फिरवत होता. गारठलेला मासा पाठलाग करत नाही. शेवटी ३ ग्रॅमच्या जिगवर, म्हणजे वजन जोडलेल्या गळावर, रबरी कोळंबी लावली, तळाला टेकू दिली, दोन वेढे गुंडाळले आणि मनात दहा मोजले. पुन्हा दोन वेढे. याचा कंटाळा किती येतो, ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

थंडीत पाणी काचेसारखं नितळ असतं, म्हणून लीडर, म्हणजे लाईनच्या टोकाला गळाआधी बांधायचा धागा, बारीक घेतला आणि लांब उभं राहून फेकला. दोनदा लाईन जड झाली, मला वाटलं गवत अडकलं. झटका नाही, ओढ नाही, नुसतं जडपण. तिसऱ्यांदा शंका आली म्हणून रॉड हळूच उचलला आणि रील किंचाळलं. म्हणजे आधीची दोन्ही ‘गवतं’ मासेच असणार.

हातभर लांबीचा निघाला. हात ओले करूनच धरला, गळ काढला, सोडून दिला. या गडबडीत तोल जाऊन वेडर्समध्ये, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीत, पाणी शिरलं. कमरेचा पट्टा आवळलेला होता म्हणून थोडक्यात निभावलं, पण पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. दात वाजायला लागले. आणखी दोन मासे मिळाले. पाचला ऊन कलंडलं, बोयी चॅनेलकडे सरकल्या आणि मीही बूट उपसत काठाला लागलो.