क्लच स्लिप, बुटाचं खोकं आणि दोन रविवार

गांधीनगरच्या पुलावर चढताना इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र होती तिथेच. तिसऱ्या गेअरला रेस दिली की नुसता आवाज वाढायचा, काटा पस्तिशीच्या पुढे सरकायला तयार नाही. मागून बसचा हॉर्न. चेन तुटली की काय म्हणून वाकून पाहिलं, तर चेन जागेवर.

गाडी दीडशे सीसीची, नऊ वर्षांची. विक्रोळी ते अंधेरी रोजचं येणं-जाणं. सकाळी नऊला जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) गाडी चालवत नाहीत, हाफ क्लचवर रांगवत नेतात. त्यामुळे क्लच कधीतरी जाणार हे माहीत होतं. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने गाडीला हात न लावताच निकाल दिला : "पूर्ण क्लच असेंब्ली टाकावी लागेल, ३,८०० धरा." न उघडता कसं कळलं, असं विचारलं तर म्हणाला, "रोजचं काम आहे साहेब." असेलही. पण ३,८०० रुपये म्हटल्यावर मलाही एकदम मेकॅनिक व्हावंसं वाटलं.

आमच्या मजल्यावरचे काका बेस्टच्या डेपोतून फिटर म्हणून रिटायर झालेत. ते खाली आले, क्लचचं लिव्हर एका बोटाने हलवून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, वायरला ढीलच नाहीये. आधी ते बघ." जूनमध्ये लिव्हर सैल वाटलं म्हणून मीच ती वायर ताणली होती. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी चाल लागते, माझ्याकडे शून्य. म्हणजे हात सोडला तरी क्लच जरासा दाबलेलाच. वायरची लांबी धरून ठेवणारा चेकनट सैल करून चाल दिली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच पूल, तोच आवाज.

मग काकांनी एक चाचणी करायला लावली. इंजिन चालू, दोन्ही ब्रेक आवळलेले, टॉप गेअर टाकायचा आणि थोडी रेस देत क्लच हळूहळू सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन गचका खाऊन बंद पडतं. माझं पडेना. क्लच पूर्ण सुटला तरी ते आपलं घुरघुरत राहिलं, आणि ऑइल-फिलरचं झाकण उघडल्यावर करपल्यासारखा वास आला.

"ऑइल कुठलं टाकलंयस?"

इथे मी जरा गप्प झालो. मेव्हण्याच्या कारचं लिटरभर सिंथेटिक ऑइल उरलं होतं, महागातलं. वाया कशाला घालवायचं म्हणून मागच्या वेळी तेच ओतलं होतं. डबा शोधून काढला. मागच्या गोल शिक्क्याच्या खालच्या अर्ध्या भागात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असं लिहिलेलं, आणि 'जासो एमए' कुठेच नाही. कारचा क्लच सहसा इंजिनाच्या बाहेर, कोरडा असतो. बहुतेक बाइकचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो : एक फ्रिक्शन प्लेट, एक स्टीलची, पुन्हा फ्रिक्शन, अशी चळत आणि वरून स्प्रिंगचा दाब. कारच्या अशा ऑइलमध्ये घर्षण कमी करून पेट्रोल वाचवणारी रसायनं असतात. इंजिनाला ती मानवतात, पण क्लच चालतोच घर्षणावर. म्हणून जपान्यांनी १९९८ मध्ये दुचाकीच्या ऑइलसाठी 'जासो' हे वेगळं मानक केलं : ओल्या क्लचला एमए, ऑटोमॅटिक स्कूटरला एमबी. हे सगळं डब्यावरच कळतं, वाचलं तर.

शनिवारी नागदेवी स्ट्रीटला जाऊन टी-पाना, फीलर गेज (फट मोजायची पातळ पोलादी पानं) आणि जाडी मोजायला स्वस्तातला व्हर्नियर घेतला. प्लेटचा सेट, चार स्प्रिंग, कव्हरचं पॅकिंग आणि एमए२ (एमएचाच एक वर्ग) लिहिलेलं ऑइल मिळून १,४०० च्या आत बसलं.

रविवारी जिन्याखाली गाडी लावली, ऑइल काढलं. (हे ऑइल गटारात ओतायचं नाही. मी बाटलीत भरून त्याच गॅरेजवाल्याला दिलं, त्याच्याकडे पिंप असतं.) उजवीकडचा फूटरेस्ट, ब्रेकचं पेडल, किक असं एकेक उतरवलं. कव्हरच्या बोल्टांची गंमत अशी की ते सगळे एका लांबीचे नसतात. काकांनी घरून बुटाच्या खोक्याचं झाकण आणलं, त्यावर कव्हरचा आकार पेनाने काढला आणि निघेल तो बोल्ट त्या-त्या जागी भोक पाडून खोचत गेले. लांब बोल्ट आखूड भोकात पिळला की आटे गेलेच म्हणून समजा.

बोल्ट निघाले तरी कव्हर हलेना. मी स्क्रूड्रायव्हर घालायला गेलो तर काका ओरडले, "अॅल्युमिनियम आहे ते! ओरखडा पडला की तिथूनच गळणार." लाकडी मुठीने चहूबाजूंनी टकटक केल्यावर ते सुटलं. जुनं पॅकिंग मात्र अर्धं इकडे, अर्धं तिकडे, उन्हात वाळलेल्या पापडासारखं चिकटलेलं. रॉकेल लावून, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडत दीड तास गेला. आतल्या क्लचला त्यामानाने काहीच वेळ लागला नाही.

चळतीवर दाब देणाऱ्या प्रेशर प्लेटचे चार बोल्ट एकदम नाही, समोरासमोरचे थोडे-थोडे सोडले. प्लेट बाहेर आल्या आणि मी चाट पडलो. जाडी जवळपास नव्याइतकीच! पण पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत, बोट सरकून जात होतं. झिजल्या नव्हत्या, तुकतुकीत होऊन बसल्या होत्या. स्टीलच्या चारपैकी दोनांवर निळसर डाग, तापून आलेले. अभ्यासाच्या टेबलाच्या काचेवर एकेक ठेवली. तीन बसल्या, एक कडेला दाबली की टिकटिक वाजली. तिच्याखालून ०.२ मिलिमीटरचं पान सहज गेलं. वाकलेली. स्प्रिंग नव्याशेजारी उभ्या केल्या तर मिलिमीटरभर बुटक्या. प्लेट ज्यात बसतात त्या बाहेरच्या बेलच्या खाचांवर बोट फिरवलं, ठसे जेमतेम. म्हणजे बेल, हब, ती अख्खी असेंब्ली शाबूत होती.

नव्या फ्रिक्शन प्लेट रात्रभर ऑइलमध्ये भिजत घालाव्या लागतात, कोरड्या बसवल्या तर जळू शकतात. त्यासाठी लाडवांचा जुना डबा घेतला. आईने पाहिलं, काही बोलली नाही. सोमवारी मला नवा डबा आणायला लागला.

चूक पुढच्या रविवारी झाली. प्लेट चढवल्या, स्प्रिंग कसल्या, नवं पॅकिंग, कव्हर, सगळे बोल्ट. वायर लावली, लिव्हर दाबलं, तर थेट मुठीला टेकलं! माझ्या गाडीत कव्हरच्या आत एक दातेरी शाफ्ट आहे आणि क्लचच्या मधोमध दातेरी रॉड. कव्हर बसवताना दात एकमेकांत नीट गुंतावे लागतात. मी बघितलंच नव्हतं. दोन दात मागे राहिले होते आणि बाहेरचा, वायर ओढते तो आर्म भलतीकडेच वळून उभा. पुन्हा सगळं उघडलं, नवं कोरं पॅकिंग फाटलं. रविवारी दुपारी पॅकिंगसाठी भांडुपपर्यंत पायपीट. काकांनी मात्र एका शब्दाने टोचलं नाही, नुसते चहा पीत बसले होते. ते जास्त लागलं.

दुसऱ्यांदा आधी दात जुळवले, आर्म हाताने हलवून पाहिला, मगच बोल्ट. संध्याकाळी ऑइल भरून तीच चाचणी केली आणि इंजिन गचका खाऊन बंद पडलं. इंजिन बंद पडल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता. गांधीनगरच्या पुलावर तिसऱ्याला पन्नास. पहिले काही दिवस रेस जपून दिली, प्लेटना बसायला वेळ द्यावा म्हणून.

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी त्यावर रुपयाएवढा एक डाग. खालचा एक बोल्ट पाव फेरा कमी बसला होता, तो कसला, पेपर बदलला. दुसऱ्या सकाळी काका माझ्याआधीच खाली होते. पेपर उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला, कोरडा होता. मग झटकला, नीट घडी घातली आणि म्हणाले, "शब्दकोडं सोडवलं नाहीयेस ना रे?"