गावाला एसटी ‘आहे’ म्हणजे नक्की काय?

जनगणनेच्या ग्राम निर्देशिकेत प्रत्येक महसुली गावाची एक ओळ असते. घरं, लोकसंख्या आणि बरंच पुढे ‘सार्वजनिक बससेवा: आहे किंवा नाही’. नसेल तर अंतराचा गट: ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १०, किंवा १० च्या पुढे. या शेवटच्या गटात ११ किलोमीटर आणि ४० किलोमीटर शेजारी शेजारी बसतात. ‘आहे’ची गंमत याहून मोठी. दिवसभर पीएमपी (पुण्याची शहर बस) धावणारं हवेलीतलं गाव आणि एका मुक्कामी गाडीवर चालणारं राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यातलं गाव, दोघांच्या पुढे उत्तर एकच.

मुक्कामी गाडी कॉलेजच्या पोरांना सोयीची. रात्री येते, पहाटे निघते. पण दाखल्यासाठी तहसीलला जाणारी म्हातारी साडेसहाला गाडीत बसते, कचेरी उघडते पावणेदहाला, काम झालं तरी परतीची गाडी संध्याकाळचीच. म्हणून फेऱ्या किती ते नंतर विचारावं; आधी परतीची वेळ विचारावी.

लोकसंख्येचा घोळ वेगळाच. आकडा महसुली गावाचा असतो, रस्ता मात्र वाडीला लागतो. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने मूळ निकषात वस्तीच धरली: सपाटीवर किमान ५०० लोक. २५० ची सवलत आदिवासी क्षेत्राला, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याला. भोर-राजगडचा डोंगर कितीही उभा असला तरी तो त्यात येत नाही. समजा गाव ९०० चं: गावठाण ४२०, वाड्या २१०, १६० आणि ११० च्या. कागदावर ९००, पण ५०० कुणाचेच भरत नाहीत. मात्र ५०० मीटरच्या परिघातल्या वस्त्या एकत्र मोजता येतात. ११० ची वाडी गावठाणाच्या तेवढ्या जवळ असली तर ५३० झाले. हे मोजून दाखवायचं काम ग्रामपंचायतीचं, आणि नेमकं तेच राहून जातं.

वाडीनिहाय आकडा जनगणनेत शोधू नये. तो अंगणवाडीच्या कुटुंब सर्वेक्षण रजिस्टरमध्ये मिळतो. मतदार यादीत फक्त १८ च्या वरचे. शिवाय हातात असलेली जनगणना २०११ ची आहे. पुढचीची संदर्भतारीख १ मार्च २०२७.

आता एसटीचा अर्ज. ‘गावची लोकसंख्या ९०० असून एसटी सुरू करावी’ एवढ्यावर आगारात काही हलत नाही. तिथे भारमान बघतात, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरतात ते. ग्रामसभेच्या ठरावासोबत एक तक्ता जोडा: कोणत्या वाडीतून, किती वाजता, कुठपर्यंत, किती जण. विद्यार्थी वेगळे दाखवा आणि पास खरोखर काढा. महिलांना अर्धं तिकीट (मार्च २०२३ पासून), ७५ च्या पुढच्यांना मोफत प्रवास. हेही प्रवासीच, पण तक्त्यात बहुतेक वेळा नसतात. गाडी सुरू होऊन बंद पडते ती बहुधा वडापमुळे. जीप दहा मिनिटं आधी निघते, एसटी रिकामी धावते, भारमान पडतं. आणि सगळा भार शाळेवर असेल तर उन्हाळी सुट्टीत फेरी थांबते. जूनमध्ये ती पुन्हा सुरू करून घ्यायला कुणीतरी मागे लागावं लागतं.

अर्जाआधी रस्ता बघा. कमी रहदारीच्या ग्रामीण रस्त्याचं डांबर ३ मीटर, गाडीची रुंदी अडीचच्या आसपास. समोरून मोटरसायकल आली की एकाचं चाक साइडपट्टीवर जाणारच. पावसाने मुरूम वाहून डांबराची कड उघडी पडली असेल, तर चालक नकार देतो आणि त्याचं बरोबर आहे. फरशी पूल, लोंबणाऱ्या वीजतारा, झुकलेल्या फांद्या यांचीही नोंद घ्या. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायला वीसेक मीटर मोकळी जागा हवी, आणि ती सातबाऱ्यावर कुणाची आहे ते आधी पाहून ठेवा. खासगी असेल तर भात झोडून झालं की तिथे पेंढ्याची उडवी उभी राहते, आणि गाडी अलीकडच्या फाट्यावरूनच परत जाते.